आवाजाचा खटका

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती आणि पलंगावर म्हातारा, म्हणजे माझा नवरा, अंगठ्याने बटण दाबत होता. एरवी बटण दाबलं की कॉम्प्युटरवर अक्षरांचा तक्ता उघडायचा आणि म्हाताऱ्याला बोलता यायचं. त्या रविवारी तक्ता उघडत नव्हता. हे त्यालाही दिसत होतं, तरी तो दाबत होता. श्वास वरच्या वर चालला होता, पण अंगठा थांबत नव्हता.

"अजून किती?" मी मुलाला विचारलं.

"होतंय, आई."

"होतंय म्हणजे किती?"

"सांगता येत नाही. मोठं पॅकेज आहे आणि लॅपटॉप जुना."

"मग आधी होतं ते परत लाव."

"आधीचं राहिलंच नाही."

एवढं बोलून तो पडद्याकडे वळला. म्हाताऱ्याला काहीतरी सांगायचं होतं. रोजचं चहापाणी नव्हे. ते असतं तर थोडा वेळ वाट बघून त्याने सोडून दिलं असतं. एका माणसाबरोबर इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं. काय सांगायचंय ते कळत नाही.

त्याला नसांचा आजार झाला होता. डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं, ते मला आजही नीट म्हणता येत नाही. आधी हातातला कप सुटायला लागला, मग पाय गेले, मग जीभ. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिलं, आणि या आजाराचा सगळ्यात मोठा वाईटपणा तोच. हा माणूस तरुणपणी मिठागरावर कामाला होता. खाडीच्या वाऱ्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं. पुढे मिठागरं बंद झाली, आमच्या भाताच्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. त्याचं बोलणं बांधावरचंच राहिलं. खाली गेटवर कोणाशी गप्पा मारायला लागला की मला ओट्यापाशी शब्द न शब्द ऐकू यायचा. अशा माणसाची जीभ गेली.

मुलगा एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. लग्न केलं नाही. कामावरून आला की जेवायचा आणि स्वतःच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसायचा. हे असलं उकरत बसून काय मिळतं, असं मी नेहमी म्हणायची. मग बापाची जीभ गेली आणि त्याच उकरण्यातून त्याने बापाला बोलतं केलं.

बोलणारी तयार यंत्रं मिळतात. आम्ही बघितली ती इंग्रजी बोलायची, थोडीफार हिंदी. मोबाईलवर बोट फिरवावं लागतं, आणि म्हाताऱ्याचा फक्त डावा अंगठा उरला होता, तोही दाबण्यापुरता. म्हणून मुलाने लॅपटॉपवर मराठी अक्षरांचा तक्ता केला. तक्त्यातली एकेक ओळ आपोआप उजळत जायची. हवी ती ओळ आली की म्हाताऱ्याने बटण दाबायचं. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळायचं, पुन्हा दाबायचं. असं करत वाक्य पुरं झालं की मशीन ते मोठ्याने म्हणायचं.

बटण मी आणलं, केबिन रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून. दारावरच्या घंटीचं बटण.

"माजी, घंटी कौनसी दूँ, डिंगडाँग या चिडिया?" दुकानदाराने विचारलं.

"घंटी नहीं मंगता. खाली बटन दो."

"बिना घंटी का बटन क्या करोगी?"

"आदमी को बुलवाना है," मी म्हटलं. त्याने बटण कागदात गुंडाळून दिलं.

मशीनचा आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा होता. त्यातून म्हाताऱ्याचं पहिलं वाक्य आलं, "चाय पांचट हाय." एवढ्या महिन्यांनी तोंड उघडलं आणि हे बोलला. मुलगा हसून हसून खाली बसला. म्हातारा गावात बोलायचा तसंच लिहायचा, हाय, न्हाय, मना. आणि मशीन ते बातम्या वाचल्यासारखं वाचायचं. समोरची गुजराती बेन विचारपूस करायला आली की मशीन म्हणायचं, "बेन, ढोकला किधर हाय."

"अंकल, आपका मशीन मेरे हस्बंड से अच्छा बोलता है," ती म्हणायची.

"बदली कर," मशीन म्हणायचं. ते अक्षर-अक्षर जुळवायला त्याला वेळ लागायचा, पण बेन तेवढा वेळ उभी राहायची.

मशीनशिवाय आमची आणखी एक खूण होती. डोळे मिटले की हो, भिंतीकडे बघितलं की नाही. ती खूण कामाची होती, पण तिच्यात एक खोट होती. हो-नाही म्हणायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. आमच्या मनात जे येईल तेच आम्ही विचारणार. एकदा डॉक्टर घरी तपासायला आले होते. ते माझ्याशी आणि मुलाशी बोलत होते. तेवढ्यात म्हाताऱ्याने मशीनवर लिहिलं, "मना हास्पिटलात न्हेऊ नका. गल्यात नली न्हाय पायजे." हे मी त्याला कधी विचारलं नसतं आणि मुलानेही नसतं. डॉक्टरांनी त्याच्याकडेच वळून सगळं समजावून सांगितलं, परत विचारलं, आणि त्याने परत तेच लिहिलं. म्हणून त्या रविवारी आम्ही त्याला कुठे नेलं नाही. डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं होतं. आता हे असंच होणार, असं ते म्हणाले होते.

मुलाच्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं, नाहीतर काय झालं ते कळणार नाही. तो लिनक्सवर काम करतो. त्याचेही प्रकार असतात म्हणे. बऱ्याच जणांकडे सगळं तयार होऊन येतं. हा घेतो त्या प्रकारात प्रत्येक वस्तू आपल्याच मशीनवर बांधायची, आणि बांधायच्या आधी तिच्यात काय हवं, काय नको ते सांगायचं. छपाईची सोय हवी का, कॅमेऱ्याची, आवाजाची. जे हवं त्याचा शब्द लिहायचा. नको असेल त्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह टाकायचं. मग ती सोय वगळून वस्तू बांधली जाते. तो त्यांना फ्लॅग म्हणतो. मी खटके म्हणते.

"एवढा व्याप कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"जे लागत नाही ते कशाला बाळगायचं? म्हणून तर हा डबा अजून चालतोय."

खोटं नव्हतं ते. सुरुवातीला त्याने त्या लॅपटॉपवर तयार आलेलं सगळं घालून बघितलं होतं. तक्ता इतका रेंगाळायचा की म्हाताऱ्याने एका अक्षरावर दाबलं की पुढचंच उमटायचं. म्हातारा वैतागायचा. मग मुलाने एकेक खटका बंद करत आणला, नको ते सगळं काढलं, आणि तक्ता अंगठ्याबरोबर चालायला लागला. नातेवाइकांत कोणी म्हटलं की पोराच्या नसत्या नादाने घात केला, तर मी त्यांना हे सांगते. नाद नसता तर म्हातारा आधीच मुका राहिला असता.

घात झाला तो असा. दर रविवारी मुलगा कॉम्प्युटर नवा करून घ्यायचा. म्हणजे ज्या वस्तूंची नवी आवृत्ती आली असेल त्या पुन्हा बांधायच्या. थंडीच्या दिवसांत असं झालं की आवाजाच्या वस्तूची नवी आवृत्ती बांधलीच जाईना. ती अडली की बाकी सगळं अडायचं. दोन-तीन रविवार त्याने डोकं आपटलं. मग त्याने आवाजाच्या शब्दाआधी वजा टाकला, अख्ख्या मशीनसाठी. फक्त बापाच्या तक्त्यासाठी वेगळं लिहिलं, की इथे चालू. त्याच दिवशी त्याने तपासूनही बघितलं. म्हाताऱ्याने बटण दाबलं, मशीन बोललं. मुलाला वाटलं, सगळं ठीक.

मला हे सगळं त्याने नंतर समजावलं, दिवसकार्य झाल्यावर, जेवताना.

"आई, बाबांचं बीपी निघालं तेव्हा तू सगळ्या जेवणातलं मीठ बंद केलंस आणि माझ्या ताटात वेगळं वाढायला लागलीस. मी तेच केलं. आवाज सगळीकडे बंद, बाबांच्या ताटात चालू."

"मग त्यात बिघडलं काय?"

"तक्ता स्वतः बोलत नाही. तो एका मधल्याला सांगतो, मधला खालच्याला सांगतो, आणि खालचा बोलतो. मी चालू ठेवलं ते फक्त तक्त्याचं. मधल्याचं बंदच राहिलं."

"म्हणजे वाढणारी उभी आहे आणि मिठाचा डबा घरात नाही."

"हो."

"मग त्या दिवशी बोललं कसं?"

"खटका फिरवला म्हणून लगेच काही होत नाही ना. आधी बांधलेलं असतं ते तसंच चालू राहतं. परत बांधलं जाईल तेव्हा नवा खटका लागू होतो."

त्या वजा चिन्हाने असे बरेच दिवस नुसते बसून काढले. त्या दिवसांत म्हातारा रोज बोलत होता. चौक गावाहून मासे विकायला येणाऱ्या बाईशी त्याने मशीनवरून भाव केला, खाता येत नव्हतं तरी. मला म्हणाला, "बोंबील तल. मना वास दे." मी तळले, बशी त्याच्या नाकापाशी धरली आणि मग मी आणि मुलाने खाल्ले. "कसे हायत," त्याने विचारलं. मी म्हटलं, मीठ कमी आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मशीनची गरज नव्हती.

मग तो रविवार आला. मशीनने आदल्या दिवसापासून पुष्कळ काही परत बांधलं होतं, त्यात तो मधलाही होता. आता तो आवाज वगळून बांधला गेला. बांधणं संपलं की मुलगा नेहमी साफसफाई करायचा. जे कोणी मागत नाही ते मशीन स्वतःच दाखवतं आणि काढू का म्हणून विचारतं. त्यात बोलणारी वस्तू होती. आता तिला कोणी मागत नव्हतं.

"वाचलं होतंस?" मी विचारलं.

"वाचलं. डोळ्यांपुढून गेलं. दर रविवारी काहीतरी जुनं निघतंच, तसंच वाटलं."

"आणि हो म्हणालास."

"हो म्हणालो."

बांधून झालेल्या वस्तूची एक प्रत बाजूला ठेवायचाही खटका असतो म्हणे. जागा खाते म्हणून तोही त्याने बंद केलेला होता.

सकाळी म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि बटण अंगठ्याखाली ठेवलं. त्याने दाबलं. तक्ताच उघडला नाही. बोलणारी वस्तू नसली की तक्ता उभाच राहत नाही, नाहीतर अक्षरं तरी वाचता आली असती. चौथीपर्यंत शिकले आहे, मराठी वाचता येतं मला. मुलाने वजाचं चिन्ह काढलं आणि परत बांधायला घातलं. बांधलं जाईना, कारण नवी आवृत्ती आधीपासूनच अडत होती. मग जुनी आणायची, तिच्याबरोबर जुळणारं दुसरं जुनं आणायचं, ते आणखी तिसऱ्याशी भांडतंय. त्याचा ऑफिसचा लॅपटॉप घरात होता, पण कंपनीने तो असा कुलूपबंद केलेला की त्यात बाहेरचं काही घालता येत नाही. असं करत दुपार झाली आणि म्हाताऱ्याचा श्वास बदलला.

बेन दारात आली. "माजी, अंकल आज चुप क्यूँ है?"

"मशीन बिगड गया."

तिने आत डोकावून बघितलं आणि ती माझा हात दाबून परत गेली. मशीनचं नाही हे तिला कळलं असावं.

मी मुलाला म्हटलं, "ते राहू दे. मी अक्षरं म्हणते. तू त्यांचे डोळे बघ."

"पाच मिनिटं आई, हे शेवटचंच आहे."

"सकाळपासून शेवटचंच आहे."

तो उठला नाही. मग अक्षरंही मीच म्हटली आणि डोळेही मीच बघितले. शाळेत म्हणायचो तशी क, ख, ग पासून. म्हाताऱ्याला कळलं मी काय करतेय ते. त्याने बटण दाबणं थांबवलं. प ला त्याने डोळे मिटले.

"प?" डोळे परत मिटले.

मी पुढची अक्षरं घ्यायला हवी होती की शब्द विचारायला हवे होते, ते मला आजही ठरवता येत नाही. मी शब्द विचारले. वेळ कमी आहे हे दिसत होतं.

"पाणी पायजे?" त्याने भिंतीकडे बघितलं.

"पंखा लावू?" भिंत.

"अवो, पाठ दुखते का?" भिंत. आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं बांधावर चुकीचं काम करणाऱ्याकडे बघायचा. त्या हालतीतही.

"पोराचं काही सांगायचंय?"

त्यावर त्याने डोळे मिटले नाहीत, भिंतीकडेही बघितलं नाही. त्याने पोराकडे बघितलं. पोराची पाठ होती. मी हाक मारली तेव्हा तो वळला, पण तोवर म्हाताऱ्याची नजर माझ्याकडे परत आली होती. ते हो होतं का नाही, का नुसतं बघणं होतं, कोण जाणे.

"बरं, पुढचं अक्षर सांगा," मी म्हटलं आणि परत सुरू केलं. "क."

त्याने डोळे मिटले.

"क?" मी विचारलं. "क का, अवो?"

आमच्या खुणेत ते हो होतं. मी क धरून बसले आणि पुढे काय ते त्याला विचारत राहिले. मुलगा उठून पलीकडून आला, त्याने बापाच्या नाकाखाली बोट धरलं आणि म्हणाला, "आई, आता विचारू नको."

संध्याकाळी घरात माणसं भरली. डोंगरीहून नणंद आली, बिल्डिंगीतले आले. कोपऱ्यात लॅपटॉपचा पंखा फिरतच होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. कधीतरी पंखा थांबला. मुलाने जाऊन झाकण लावलं. तक्ता उघडतोय का ते त्याने बघितलं नाही आणि मीही बघ म्हटलं नाही.

लोक म्हणाले, सुटला. सुटलाच. आणखी थोडे दिवस काढून त्याला काही सुख नव्हतं. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन वर्षं ज्याने हवं ते बोलून घेतलं, भाव केले, बेनची थट्टा केली, डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने नको म्हणाला, त्याला शेवटच्या दिवशी माझ्या पाणी-पंख्यावर नजर फिरवत पडावं लागलं.

मुलगा ते वजाचं चिन्ह मनातून काढत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "बाप आजाराने गेला, तुझ्यामुळे नाही. शेवटचा दिवस मुका गेला तो तुझ्यामुळे. आणि आधीची दोन वर्षं बोलला तीही तुझ्यामुळे." पहिल्या दोन वाक्यांना त्याने मान हलवली. तिसऱ्याला उठून हात धुवायला गेला. मी ते परत दोनदा सांगून बघितलं. घेत नाही.

आता त्याच्या नव्या लॅपटॉपवर सगळं तयार आलेलं आहे, सगळे खटके चालू. काय हवं, काय नको ते तो बघत नाही. "जाऊ दे, पडलंय तर पडू दे," म्हणतो. रविवारी टीव्ही बघतो. मला ते आवडत नाही. एक काम त्याला मनापासून यायचं, आणि ते त्याने सोडलं. बापाबरोबर हेही जायला नको होतं.

चौकची मासेवाली अजून येते. परवा टोपली उतरवत म्हणाली, "काकी, पापलेट हाय, ताजा." मी थांबले. पापलेट मला त्या दिवशी सुचलंच नव्हतं. असेलही. मरताना पापलेट मागायला तो कमी करणारा नव्हता. मी आत येऊन मुलाला तसं सांगितलं. तो थोडा हसला, मग म्हणाला, "आणि क?"

"ते मला नाही माहीत," मी म्हटलं.

त्या रविवारी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. मुलगा आहे आणि मी आहे.